कोनाड्याकडे पाय

नागोया
३ ऑक्टोबर १९८३

वहिनी,

बस वेळेवर पोचली. तू दिलेली सफरचंदं धड आली, एकाला तेवढा डाग पडला. बाबांच्या वर्षश्राद्धाचं तू सगळं नीट केलंस, मठातल्या गुरुजींनाही जेवण आवडलं. हे आधीच म्हणून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून म्हणशील, हिसायो माहेरी येते ती खोट काढायलाच.

आई अंथरुणाला खिळल्यापासून तिला जिथे ठेवलंय त्या खोलीत पाय टाकला आणि बघतच राहिले. बैठकीची खोली ती! चित्र-फूल मांडायचा तो मानाचा कोनाडा, आत माणूस उभा राहील एवढा, त्यात काय, तर लंगोटांचे गठ्ठे, औषधांचा डबा, प्लास्टिकचं घमेलं आणि त्याच्यावर रेडिओ. भिंतीवर चित्राची गुंडाळी नाही, खाली फूल नाही, रिकामा खिळा तेवढा. आणि आईचे पाय थेट कोनाड्याकडे! वहिनी, लहानपणी खेळता खेळता माझं एक पाऊल त्या कोनाड्यात पडलं होतं, तर आईनं मला दिवसभर कोठीच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं. आज तिचेच पाय तिकडे. दादाला दिसत नाही का? की तुम्हाला कुणालाच काही वाटेनासं झालंय?

उद्याच्या उद्या गादी फिरव. डोकं कोनाड्याकडे, मानाच्या जागी. घरातली सगळ्यात मोठी ती, तिचा मान तिला मिळायलाच हवा. सोबत लाव्ह्यांच्या जोडीचं चित्र पाठवतेय, शरदातलं गवत आहे मागे. ह्यांच्या आत्यांकडचं आहे, जपून टांग. महिन्याभरानं उतरव आणि दुसरं लाव. एकच चित्र फार दिवस लोंबत ठेवलं की कागद खराब होतो, हे मी तुला सांगायला नको.

हिसायो

*

इइदा
१२ ऑक्टोबर

वन्संना नमस्कार.

लावे पोचले. उत्तराला उशीर झाला, कारण मला बसून लिहिता येत नाही. हे पोटावर पडून लिहितेय, म्हणून अक्षर असं कोंबडीचे पाय.

गादीचं सांगते. डोकं कोनाड्याकडे केलं की ते उत्तरेला येतं. आपल्या घरचा कोनाडा उत्तरेच्या भिंतीत आहे, हे सासरी गेल्यावर तुम्ही विसरलात बहुतेक. उन्हाळ्यात मी तशीच घातली होती गादी. हे कामावरून आले, दारातून आत पाहिलं आणि जागच्या जागी खिळले. "आई गेली?" म्हणाले. मग जेवताना माझी शोभा: "प्रेताला घालतात तसं काय घातलंयस तिला?" म्हणून फिरवली, तर पाय कोनाड्याकडे आले आणि तुम्ही आलात. पूर्वेला भिंतीतलं कपाट, त्याची दारं दिवसभर उघडावी लागतात. पश्चिमेला काचेची दारं, तिथून वारा येतो. खोलीच्या मधोमध आडवी घातली तर देवघरात जायची वाट बंद. तेव्हा तुम्ही भाऊबहीण मिळून एकदा ठरवा आणि मला कळवा. मी फिरवते. नाहीतरी सासूबाईंना दिवसभर फिरवतेच आहे.

लंगोट कोनाड्यात ठेवले कारण तो ओटा जमिनीपासून जरा वर आहे. मला तेवढंच कमी वाकावं लागतं.

आता माझं. तुम्ही आलात तेव्हाच सांगणार होते, पण घरात पाहुणे होते. माझ्या मणक्यातली चकती सरकली आहे. डावा पाय गुडघ्याखाली बधिर असतो. डॉक्टर म्हणतात शस्त्रक्रिया करा आणि लवकर करा, नाहीतर पाय कायमचा ओढत चालाल. दोनदा तारीख घेतली आणि दोनदा मीच फोन करून नको म्हटलं. सासूबाईंना उचलणार कोण? तुमच्या दादांना स्वतःचे मोजे सापडत नाहीत.

हिवाळ्याचे दोन महिने त्यांना तुमच्याकडे न्याल का? ह्या घरात आल्यापासून मी तुमच्याकडे काही मागितलेलं नाही. आज मागतेय.

फुमिए

*

नागोया
२५ ऑक्टोबर

वहिनी,

तुझी कंबर वाचून वाईट वाटलं. पण डॉक्टर लोक कापायचंच सांगतात, त्यांचा तो धंदाच आहे. आमच्या खालच्या बाईंची कंबर सुया टोचून बरी झाली, आता टुणटुण जिने चढतात. मी दुखण्यावर लावायच्या पट्ट्या पाठवतेय, झोपताना लाव.

आईला आणायचं म्हणतेस, पण कुठे गं? आमचा चौथा मजला, लिफ्ट नाही. हिरोआकीची प्रवेशपरीक्षा तोंडावर, घरात टाचणी पडली तरी मुलगा खेकसतो. आणि मुख्य म्हणजे ह्या घरात कोनाडा नाही! आई एकदाच आली होती इथे, आठवतं? सगळ्या खोल्या बघितल्या आणि म्हणाली, "पाहुण्याला बसवतेस कुठे, फ्रीजपाशी?" तिला कोनाडा नसलेल्या घरात ठेवणं म्हणजे तिला मारणंच. तिचा जीव त्या कोनाड्यात आहे. तू तो नीट सजवलास ना, की बघ, तीसुद्धा कुरकुर कमी करेल आणि तुझंही काम हलकं होईल.

गादीवर मला उपाय सुचलाय. तिरकी घाल! धड उत्तरही नाही आणि पायही कोनाड्याकडे नाहीत. दादाला फोनवर सांगितलं, तो हो म्हणाला.

हिसायो

*

इइदा
९ नोव्हेंबर

वन्संना नमस्कार.

तिरकी घातली. मग खोलीत येणारा प्रत्येक माणूस गादीच्या कोपऱ्याला ठेचकाळला. तुमचे दादा दोनदा, आरोग्यखात्यातून येणाऱ्या बाई एकदा. त्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, "आजी निघाल्यात की काय कुठे, गाडी वळवून ठेवलीय?" सासूबाईही हसल्या. कितीतरी महिन्यांनी.

पण त्यांची मान आखडली. तिरकी घातल्यापासून लावे बघायला त्या डोकं मागे वळवून वळवून बघायच्या. मी म्हटलं, आई, मान मोडेल, समोर बघा. तर म्हणाल्या, "समोर काय, दारच आहे. दार काय बघायचं?"

मग त्या जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहिते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी रचलं.

"मानाच्या जागी बसवतात त्याची पाठ असते गं कोनाड्याकडे. चित्र त्याच्या डोक्यामागे. येताना एकदा वाकून बघतो, वा वा म्हणतो, की संपलं. मग बघतं कोण? खाली दाराशी बसते ती. मी आले तेव्हापासून दाराशीच बसले. चहा ठेवायचा, मागे सरायचं, बसायचं. समोर कोनाडा. पाहुणे बोलत बसायचे आणि मी त्यांच्या डोक्यावरून बघत बसायची. मला तिथे टाक, फुमिए. माझ्या जागेवर."

म्हणून आता गादी दाराशी आडवी आहे. डोकं पूर्वेला, उजव्या कुशीवर वळल्या की कोनाडा समोर. उत्तरेचा प्रश्न नाही, पायांचा नाही. फक्त दार अडलंय. माणसाला ओलांडून जायचं नाही, म्हणून मी स्वयंपाकघरातून अंगणात उतरते आणि ओसरीवरून काचेचं दार उघडून आत जाते. लंगोट हातात, गरम पाणी हातात. परसाकडे झाली की तेच घेऊन परत. बाहेर दहिवर पडायला लागलंय.

पर्सिमनची फळं सोलून वाळत घालायची वेळ आली आहे. ह्या वर्षी अर्धीच सोलली, बाकीची झाडावर पाखरांना सोडली. लोक काय म्हणतील ते म्हणोत.

पट्ट्या लावल्या. वास चांगला येतो.

दोन महिन्यांना तुम्ही नाही म्हणालात. दोन नाही तर एक महिना न्या. एक नाही तर तुम्ही इथे येऊन राहा. मी थकले आहे, वन्सं. झोपून उठले तरी थकलेलीच असते.

फुमिए

*

नागोया
१८ नोव्हेंबर

वहिनी,

थोरल्या घरच्या काकूंचा काल फोन आला. फोनवर रडत होत्या. आईची विचारपूस करायला म्हणून गेल्या, तर आई कुठे, तर दाराशी! चपला काढतात तिथून हातभर अंतरावर! काकू म्हणाल्या, "हिसायो, तुझ्या आईला त्या बाईनं नव्या सुनेच्या जागी टाकलंय गं." मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस.

तू लिहिलेलं सगळं मी वाचलं. पण म्हातारं माणूस काहीही बोलतं, म्हणून आपण तसं करायचं? उद्या म्हणेल मला अंगणात टाक. ती तुझ्यावर रुसून बोलली असेल, हे नाही आलं तुझ्या लक्षात? आईचा स्वभाव मी ओळखते. तिला तुझ्याकडून मान हवा असेल आणि मिळत नसेल, तर ती अशीच टोचून बोलते. तू ते खरं धरून बसलीस. की तुला तेच सोयीचं होतं?

दादालाही फोन करून सगळं सांगितलंय. आणि तुला सांगून ठेवते, तुझ्याच्यानं होत नसेल तर तसं म्हण. मी येते आणि आईला घेऊन जाते. माझी आई मला जड नाही.

हिसायो

*

इइदा
२१ नोव्हेंबर

वन्संना नमस्कार.

या.

माझ्याच्यानं होत नाही. तुम्ही म्हणालात तसं म्हटलं.

शनिवारी सकाळी या. दोन शेजारी बोलावून ठेवते, ते त्यांना बसपर्यंत उचलून नेतील. कपडे, औषधं, लंगोट, सगळं बांधून ठेवलंय. रात्री दोनदा कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखम होते. भात मऊ लागतो. चिडल्या की तोंड बंद करून घेतात, तेव्हा रेडिओ लावायचा.

हे मी रागानं लिहीत नाहीये. राग यायला अंगात काहीतरी असावं लागतं.

फुमिए

*

नागोया
२ डिसेंबर

वहिनी,

गेल्या शनिवारी मी येईन म्हणून तू वाट बघितलीस असं दादा म्हणाला. अगं, ते मी रागाच्या भरात लिहिलं होतं, तू एवढं शब्दशः धरशील असं वाटलं नाही. हिरोआकीची परीक्षा जानेवारीत. ह्यांनाही विचारायला हवं होतं, विचारलं, ते म्हणाले परीक्षा होऊ दे. तोवर कसंतरी रेट. मार्चनंतर नक्की बघू.

नववर्षासाठी सूर्योदयाचं चित्र आणि काशाची फुलदाणी पाठवतेय. फुलदाणीत पाईनची डहाळी घाल. कॅमेलिया मात्र घालू नकोस, फूल अख्खं गळून पडतं, आजारी माणसाच्या डोळ्यांसमोर नको.

हिसायो

*

(पोस्टकार्ड)

११ डिसेंबर

हिसायो,
फुमिए अंगणात घसरून पडली. हातात गरम पाणी होतं, पण भाजलं नाही. पाय हलत नाही. दवाखान्यात आहे, उद्या मणक्याची शस्त्रक्रिया. आईजवळ मी बसलोय. मला काही येत नाही. ये.
मासानोरी

*

इइदा
२८ डिसेंबर

वहिनी,

शस्त्रक्रिया चांगली झाली, पाय हलतोय, असं दादानं सांगितलं. मी भेटायला आले नाही कारण येता येत नाही. हे तुला सांगायची गरज नाही.

नागोयात ह्यांनी पहिल्या दिवशी भात करपवला, दुसऱ्या दिवशी कच्चा ठेवला, तिसऱ्या दिवसापासून जमतोय. मुलगा म्हणतो, आई, घरात शांतता आहे, अभ्यास छान होतो. ऐक.

आल्या दिवशी मी काय केलं असेल ते तू ओळखलं असशील. आईला दाराशी बघितलं आणि गादी ओढत नेऊन मानाच्या जागी घातली. लंगोट बाहेर काढले, सूर्योदय टांगला, डहाळी घातली आणि म्हटलं, आई, आता कसं वाटतंय? आईनं मान दाराकडे फिरवली. जेवताना तोंड बंद. मी रेडिओ लावला, चमचा लावला, हात जोडले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "फुमिएला बोलाव. तिला ऐकू येतं."

वहिनी, मला फार लागलं ते. मी ओसरीवर जाऊन रडले. मग आत आले आणि गादी परत दाराशी नेली. नेताना माझ्या पाठीत कळ आली, आणि तू हे रोज, दुखत्या कमरेनं... पुढचं वाक्य मला लिहिता येत नाहीये.

आता आई बोलते. बोलते म्हणजे हुकूम सोडते. डहाळी जास्त उंच, छाट. छाटली, तर आता बुटकी. सूर्योदय बघून म्हणाली, "हे कुणाच्या दुकानातलं कॅलेंडर?" मला म्हणाली कोठीतून तिसरी पेटी काढ. काढली, तर डोळे वटारलेल्या म्हाताऱ्या दारुमा साधूचं चित्र! मी म्हटलं, आई, नववर्षाला हा कुणी लावतं का? तर काय सांगितलंन ऐक. बाबांचे साहेब जेवायला यायचे ना, ते जाडे, जे आईला "ए चहा" म्हणून हाक मारायचे? ते यायचे त्या दिवशी आई मुद्दाम हा लावायची. साहेब मानाच्या जागी बसून पोटभर हादडायचे, आणि त्यांच्या टकलामागून दारुमा त्यांच्याकडे असा बघत असायचा की आता खातो की मग खातो. आणि आई दाराशी, मान खाली घालून. "हसू दाबून दाबून पोटात दुखायचं गं," म्हणाली. बाबांशी भांडण झालं की वठलेल्या झाडाचं चित्र. मला सासरी पाठवली तेव्हा महिनाभर काहीच लावलं नाही. आम्हाला वाटायचं आईला शिस्त फार, घराण्याचा मान फार. तिथे ती आपल्या मनातलं टांगत होती, आणि वाचता येणारी दाराशी ती एकटीच होती.

तुला हे माहीत होतं का? असेल. तूही तिथेच बसतेस.

लंगोट मी परत कोनाड्यात ठेवलेत, एका कडेला. आईनंच सांगितलं. काकू आल्या होत्या, त्यांना अंगणातून वळसा घालायला लावला.

कधी सोडतायत तुला? घाई नाही, पण कधी?

हिसायो

*

इइदा, दवाखाना
२० जानेवारी १९८४

वन्संना नमस्कार.

दारुमाचं मला माहीत नव्हतं. वाचून हसले तर टाके दुखले. मी तिथे बसत होते, पण मी कधी वर बघितलं नाही. चहा निवला का, कुणाची वाटी रिकामी झाली, एवढंच बघत होते.

इथे आल्यावर पहिले कितीतरी दिवस मी फक्त झोपले. नर्सबाई ताट घेऊन यायच्या आणि मी उठून त्यांच्या हातातून घ्यायला जायची, त्या ओरडायच्या. कुणीतरी माझ्यासमोर ताट ठेवतंय आणि मी पडून राहायचं, हे मला जमेना. आता जमतं. आता इतकं जमतं की भीती वाटते.

डॉक्टरांनी काल सांगितलं, गुरुवारी घरी जा. पाय चांगला आहे, जड उचलू नका, बाकी काही नाही.

मी गुरुवारी घरी येत नाहीये. सुवाला माझ्या भावाकडे जाणार आहे, बर्फ वितळेपर्यंत. त्यांच्या घरामागे गरम पाण्याचा झरा आहे. तिथे मी सकाळी पाण्यात बसेन आणि दुपारी झोपेन. दुसरं काही करणार नाही. पत्ता खाली लिहिलाय.

खूप विचार केला की हे कसं मागायचं. मग लक्षात आलं, मी मागितलं होतं. तीन पत्रांत मागितलं होतं. आता मागत नाही, कळवतेय. तुम्हाला वाईट वाटेल, राग येईल, तो येऊ दे. सासूबाईंवर माझा राग नाही आणि आता तुमच्यावरही नाही. पण त्या घराचं दार आठवलं की माझा पाय पुन्हा बधिर होतो. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, तसं काही तपासणीत दिसत नाही.

ह्यांना अजून काही सांगितलेलं नाही. काय सांगावं ते सुचत नाही. त्यांना वाटतंय मी गुरुवारी येणार, आणि खरं सांगितलं तर ते शनिवारी सुवाला येऊन उभे राहतील, आणि ते उभे राहिले की मी चपला घालीन. मी स्वतःला ओळखते.

फुमिए

*

इइदा
२३ जानेवारी

वहिनी,

पत्र वाचलं आणि आधी संतापले. चुरगाळून टाकलं. मग मांडीवर घेऊन हातानं सरळ केलं, कारण पत्ता त्यातच होता. मी इथे मरतेय आणि ही बाई गरम पाण्यात डुंबणार, असंच आलं मनात. तुझ्यापासून लपवत नाही. गुरुवार कळल्यापासून मी त्याच्यावरच दिवस काढत होते.

मी दमलेय, वहिनी. सकाळी डोळे उघडतानाच दमलेली असते. काल आईवर हात उगारला. मारला नाही, पण उगारला. आई बघत राहिली आणि म्हणाली, "फुमिए बाहेर अंगणात जाऊन बादली आपटायची. तू पण जा." गेले. आपटली. तुझ्या बादलीला एवढे पोचे कशाचे ते कळलं.

आईला मी तुझं सांगितलं. म्हटलं, वहिनी इतक्यात येत नाही, माहेरी जातेय. मला वाटलं तोंड बंद करील. तिनं कोनाड्याकडे बघितलं. मग म्हणाली, "विचारलंन का तिनं?" म्हटलं, नाही, नुसतं कळवलंय. "बरं केलंन," म्हणाली, आणि पेज मागितली.

परीक्षा झाली की हे आणि हिरोआकी इथे येतील. मार्चमध्ये आरोग्यखात्याच्या बाईंशी मी बोलणार आहे, आठवड्यातून काही दिवस आईला सांभाळणारं कुणी मिळतं का ते बघायला. नाही मिळालं तर आपण दोघी आळीपाळीनं करू, पण अर्धं अर्धं. पूर्वीसारखं नाही.

आता नीट वाच. आज सकाळी दादा म्हणाला, "गुरुवारी फुमिएला आणायला सुट्टी टाकतो." मी म्हटलं, टाकू नकोस, डॉक्टरांशी माझं बोलणं झालंय, टाके भरलेले नाहीत, वसंतापर्यंत घरी सोडणार नाहीत, आणि सर्दीची साथ आहे म्हणून भेटायलाही येऊ देत नाहीत. हे सगळं मी त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं. तो "बरं" म्हणाला.

तो लवकर काही उलटतपासणी करणार नाही, पण काकूंचा भरवसा नाही, त्या दवाखान्यात जाऊन टपकतील. तेव्हा गुरुवारची वाट बघू नकोस. बुधवारी सकाळच्या गाडीनंच नीघ.

हिसायो